सीएस३, सीआर३ आणि मामांचा फोटो

"आरं, फोटो उघडंनात." रविवार, सकाळचे सव्वासात, मी अजून अंथरुणात आणि पलीकडून मावसभाऊ. दादाचा बार्शीत फोटो स्टुडिओ आहे, म्हणजे पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि सीझनला लग्नं. मी पुण्यात नोकरीला, काम अकाउंट्सचं, पण पुण्यात राहतो आणि लॅपटॉप आहे म्हणजे घराण्यातला कॉम्प्युटरवाला मीच, प्रिंटर अडकला तरी मला फोन.

झालं असं की आदल्या रात्री एका हळदीला दादाने सोन्याला पाठवलं होतं. सोन्या म्हणजे त्याचा पोरगा, बारावी झालेला, रील्स बघून बघून फोटोग्राफीतलं सगळं कळलंय असं त्याचं मत. त्याने कुठंतरी ऐकलं की प्रोफेशनल लोक रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने न शिजवलेल्या कच्च्या फाइलीत, काढतात, म्हणून नवीन घेतलेल्या कॅनन २०० डी मार्क टू मध्ये क्वालिटी टाकली निव्वळ रॉवर. रॉ अधिक जेपेग हा पर्याय त्याच मेनूत शेजारी आहे, पण नाही. तर ८४६ फोटो, सगळे सीआर३, म्हणजे कॅननच्या नव्या कॅमेऱ्यांची रॉ फाइल, जेपेग एकही नाही. आणि दादाच्या पीसीवर काय, तर विंडोज ७, ४ जीबी रॅम आणि फोटोशॉप सीएस३.

हो, सीएस३, २००७ सालचं. हसायच्या आधी एकदा तालुक्याच्या स्टुडिओत जाऊन बसा. दादाच्या त्या पीसीवर श्रीलिपीचे जुने फॉन्ट आहेत ज्यात त्याचा हात बसलाय, १२ बाय ३६ च्या करिझ्मा अल्बमच्या शेकडो पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फाइली, आहेत, पासपोर्टचे आठ फोटो एका क्लिकमध्ये लावणाऱ्या अ‍ॅक्शन आहेत ज्या त्याने स्वतः बनवल्यात, आणि हे सगळं गेली पंधरा-सोळा वर्षं बिनतक्रार चालू आहे. जेपेग आला की सीएस३ तो आजही उघडतं. दर महिन्याला भाडं भरून नवीन घ्यायचं तर आधी पीसी नवीन, मग विंडोज नवीन, मग फॉन्टची भानगड. मी पण त्याला नवीन घे म्हटलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

फोनवर मी पहिला सल्ला दिला तो अगदी मूर्खपणाचा. म्हटलं एक्सटेन्शन, म्हणजे फाइलच्या नावाचं शेपूट बदल, सीआर३ चं सीआर२ कर, कॅननच्या जुन्या रॉचं. त्याने केलं, फोटोशॉपने परत तेच सांगितलं की ही फाइल योग्य प्रकारची नाही म्हणून विनंती पूर्ण करता येत नाही. ब्रिज या फोटोशॉपबरोबरच्या फाइली बघायच्या प्रोग्रॅममध्ये पण फोटोच्या जागी नुसता कागदाचा आयकॉन. डब्यावरची चिठ्ठी बदलून आतली हळद तिखट होत नाही, हे मला कळायला पाहिजे होतं. दादा म्हणाला, "तू येच. पोरीकडचे स्टेटसला फोटो मागाय लागलेत, आन मला दुपारी लग्नाला उभं राहायचंय." मग दुपारची एसटी पकडली.

प्रवासात मोबाइलवर वाचत बसलो, त्यातनं जे समजलं ते थोडक्यात सांगतो, कारण हे कळलं नाही तर पुढचं सगळं अंधारात दगड मारणं आहे. फोटोशॉप स्वतः रॉ फाइल उघडतच नाही. ते काम कॅमेरा रॉ नावाच्या प्लगइनचं. त्या प्लगइनमध्ये एकेका कॅमेऱ्याची माहिती भरलेली असते, म्हणजे या मॉडेलचा काळा रंग कितीपासून सुरू होतो, याच्या लाल-हिरव्या-निळ्याचा हिशोब कसा लावायचा वगैरे. नवीन कॅमेरा आला की प्लगइनची नवीन आवृत्ती येते. आणि गोम अशी की प्रत्येक फोटोशॉपला ठरावीक आवृत्तीपर्यंतच प्लगइन चालतं. सीएस३ ला शेवटचं ४.६, सीएस४ ला ५.७, सीएस५ ला ६.७, सीएस६ ला ९.१.१, बास. ४.६ आलं २००८ मध्ये. सीआर३ हा प्रकारच जन्माला आला २०१८ मध्ये, कॅननच्या एम५० बरोबर. म्हणजे दहा वर्षांनी जन्मलेल्या पोराला ओळख म्हणून आपण पणजोबांना दटावतोय.

त्यात सीआर२ आणि सीआर३ ही नावं सख्ख्या भावांसारखी असली तरी आतून घरं वेगळी आहेत. सीआर२ ची बांधणी टिफ या जुन्या फोटो-फाइलसारखी. सीआर३ ची बांधणी एमपी४ व्हिडिओ ज्या घराण्यातला आहे त्या घराण्यातली. त्यामुळे ती फाइलमधलं कॅमेऱ्याचं नाव बदलून सॉफ्टवेअरला फसवायची जुनी युक्ती आहे ना, नवीन मॉडेलच्या जागी जुन्या मॉडेलचं नाव टाकायचं आणि उघडायचं, ती इथे बादच. फाइलची मांडणी तीच असेल तर ती कधीकधी चालते, रंग मात्र भलतेच येतात.

रात्री साडेआठला स्टुडिओत पोचलो. दादा लग्न उरकून आलेला, पाय टेबलावर. सोन्या कोपऱ्यात एकदम गरीब गाय. वहिनींनी भाकरी-पिठलं तिथंच आणून दिलं, आणि त्या भाकरीवरच मी सोन्याला रॉ समजावलं, की जेपेग म्हणजे ही भाजलेली भाकरी, करपली तर करपली, आता काय खरवडणार. रॉ म्हणजे पीठ. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक ठिपक्याला एकच रंग दिसतो, लाल किंवा हिरवा किंवा निळा, त्यातले निम्मे ठिपके हिरवे, आणि बाकीचे दोन रंग शेजारपाजारच्या ठिपक्यांवरनं अंदाजाने भरायचे असतात. ते भरणं, व्हाइट बॅलन्स लावणं म्हणजे उजेडाचा रंग काढून पांढरं पांढरं दिसेल असं करणं, सगळं रॉमध्ये बाकी ठेवलेलं असतं. सोन्या म्हणाला मग चांगलंच की. चांगलंच आहे रे बाबा, पण तवा पाहिजे.

आधी पोरीकडच्यांचं तोंड बंद करायचं होतं. याला सोपा मार्ग निघाला. सीआर३ च्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला पूर्ण साइजचा जेपेग दडलेला असतो, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झूम करून आपण बघतो तो तसलाच. माझ्या लॅपटॉपवर एक्झिफटूल टाकलं, ते फुकट आहे, काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची आणि तो फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींच्या पोटातला जेपेग बाहेर काढून देतो. दादा ते बघून म्हणाला, "मग झालं की, अल्बम पण ह्यातच करू." नाही होणार, कारण दोन गोष्टी. एक, सगळे उभे फोटो आडवे निघाले, फिरवण्याची माहिती मूळ फाइलमध्येच राहते आणि बाहेर काढलेल्या जेपेगला ती वेगळी द्यावी लागते. ते एका कमांडचं काम. पण दुसरं अवघड. हळद पिवळी, मांडवाचं कापड पिवळं, वर एलईडीच्या माळा, आणि सोन्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर. नवरी, करवली, भिंत, कुत्रं, सगळ्यांना कावीळ झालेली. स्टेटसला चालून गेलं, उलट "मस्त वॉर्म टोन" म्हणून कौतुक आलं. अल्बमला नसतं चाललं.

मग मी दुसरी चूक केली. म्हटलं नवीन प्लगइन जुन्या फोटोशॉपच्या फोल्डरमध्ये टाकून बघू. कॉमन फाइल्सच्या आत, प्लगइन्स, सीएस३, फाइल फॉरमॅट्स, असं चार दारं उघडून आत गेलो, जुनी फाइल डेस्कटॉपवर काढून ठेवली, नवीन टाकली. फोटोशॉप चालू झालं, नवीन प्लगइनकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही, आणि वर जुने सीआर२ उघडायचं पण बंद. परत जुनी फाइल जागेवर ठेवली तेव्हा जीव भांड्यात. एवढं बरं की डिलीट नव्हती केली. दादा मागून बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की पुण्याहून बोलावून चूक झाली.

खरा उपाय निघाला डीएनजी. अ‍ॅडोबीने २००४ मध्ये हा रॉचा एक सामाईक प्रकार काढला आणि त्याची माहिती सगळ्यांना खुली ठेवली. कल्पना अशी की पीठ तेच, डबा सगळ्यांना उघडता येईल असा, आणि त्या कॅमेऱ्याच्या रंगांचा हिशोब डब्यातच चिठ्ठी लिहून ठेवलेला. त्यामुळे जुन्या प्लगइनला कॅमेरा ओळखायची गरजच उरत नाही, चिठ्ठी वाचायची आणि कामाला लागायचं. डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो. फक्त त्याची नवीन आवृत्ती दादाच्या विंडोज ७ वर चालेना, म्हणून ती माझ्या लॅपटॉपवर टाकली.

कन्व्हर्टर उघडल्यावर पहिली दहा मिनिटं गेली ती फोल्डर रिकामा दिसतो म्हणून. सिलेक्ट फोल्डर दाबलं, हळदीच्या फोल्डरमध्ये शिरलो, आत काहीच नाही. परत बाहेर, परत आत. सोन्या म्हणतो काका कार्ड करप्ट झालं वाटतं, दादाच्या हातातला चहा थांबला. भानगड काहीच नव्हती, तो कन्व्हर्टर फाइली दाखवतच नाही, त्याला अख्खा फोल्डर हवा असतो, फोल्डरच्या नावावर एकदा क्लिक करायचं आणि आत न शिरता सिलेक्ट दाबायचं. एवढंच. पण हे कोणी सांगत नाही.

दुसरी जागा म्हणजे खाली प्रेफरन्सेसमध्ये कम्पॅटिबिलिटी. तिथे कॅमेरा रॉच्या आवृत्त्यांची यादी असते, त्यातनं आपल्या जुन्या सॉफ्टवेअरला झेपेल ती निवडायची. मी ४.६ आणि पुढचे हे घेतलं, सीएस३ चं नेमकं तेवढंच. इथे नवीन ठेवलं तर डीएनजी झाला तरी जुनं सॉफ्टवेअर तो नाकारू शकतं, आणि मग माणूस म्हणतो डीएनजी भंगार आहे. सीएस६ वाल्यांनी ७.१ घ्यावं. मूळ रॉ फाइल डीएनजीच्या आत ठेवायची का असं पण विचारतात, ते मी बंद ठेवलं, साइज जवळजवळ दुप्पट होते.

मग कन्व्हर्ट दाबलं आणि पाऊण तास नुसतं बसून. दादाने आजच्या लग्नातल्या गमती सांगितल्या, जेवणात जिलेबी कमी पडली त्याची सविस्तर कथा, ती इथे नको.

पेनड्राइव्हवरून पहिला डीएनजी दादाच्या पीसीवर टाकला, डबल क्लिक केलं. घड्याळ फिरलं, फिरलं, बराच वेळ फिरलं, आणि कॅमेरा रॉची ती करड्या रंगाची जुनी खिडकी उघडली आणि आत नवरी. पिवळीजर्द, पण नवरी. दादाने पाय टेबलावरून खाली घेतले.

आता रंग. कॅमेरा रॉमध्ये ड्रॉपर असतो, फोटोत जे पांढरं किंवा करडं असायला पाहिजे त्यावर टोचायचा, बाकीचे रंग त्या हिशोबाने सरकतात. सोन्याने माउस हातात घेतला आणि नवरीच्या आजोबांच्या पांढऱ्या टोपीवर टोचलं. अख्खं वऱ्हाड निळं. नवरी जांभळट, हळद हिरवट, आजोबा तर थेट अवतारात गेले. टेंपरेचर २६०० च्या आसपास जाऊन बसलं. म्हटलं असं कसं, टोपी तर पांढरी आहे. मग १०० टक्क्यांवर झूम करून बघितलं तर टोपीला कुणीतरी हळदीची बोटं पुसलेली, अगदी फिकट, पण पिवळी. म्हणजे आपण पिवळ्याला पांढरं म्हणून सांगितलं आणि सॉफ्टवेअरने इमानदारीत सगळ्यातनं पिवळं काढून टाकलं. मग शोधत शोधत एका पोराच्या हातातली थर्माकोलची वाटी सापडली, तिची सावलीकडची बाजू करडी, तिथे टोचलं आणि फोटो असा सरळ झाला की दादा "हांऽऽ" म्हणाला. कातडी कातडीसारखी, हळद हळदीसारखी, लुगड्याचा काठ हिरवा. ३९०० च्या जवळपास काहीतरी आकडा होता. त्या मांडवातले सगळे फोटो एकत्र निवडले, सिंक्रोनाइझमध्ये फक्त व्हाइट बॅलन्सवर टिक केली, बाकी सगळ्यांना तोच लावला. हे जेपेगवर नसतं झालं, किंवा झालं असतं पण कातडीवर डाग पडले असते.

मात्र सगळं गोड नाही. सीएस३ मधलं रॉचं इंजिन म्हणजे अजून जुन्या प्रोसेसचं. एक्स्पोजर, रिकव्हरी, फिल लाइट, ब्लॅक्स असे ते जुने स्लायडर, ब्राइटनेस आपोआप ५० वर. उजेड बरा असेल तिथे फरक कळत नाही. पण रात्री उशिरा मांडवाबाहेर नाचताना काढलेले, आयएसओ ६४०० वाले, म्हणजे अंधारासाठी कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद खूप वाढवून काढलेले, त्यांच्यात रवा पेरल्यासारखा नॉइज आणि तो घालवायला गेलं की माणसांचे मेणाचे पुतळे. नॉइज काढायची चांगली पद्धत कॅमेरा रॉमध्ये २०१० च्या प्रोसेसपासून आली, ती या प्लगइनमध्ये नाहीच. शिवाय कॅमेऱ्यातला पिक्चर स्टाइल, म्हणजे रंगांचं सेटिंग, कॅमेरा रॉ लावत नाही, त्यामुळे सोन्याला स्क्रीनवर दिसलेला चटकदार लाल इथे जरा शांत दिसतो. तो त्याला सॉफ्टवेअर बिघडल्याचा पुरावा वाटला.

तसल्या साठेक फोटोंना वेगळी वाट काढली. कॅमेरा कंपनीचंच डिजिटल फोटो प्रोफेशनल नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, डाउनलोड करताना कॅमेऱ्याच्या बुडावरचा सिरियल नंबर मागतं. ते माझ्या लॅपटॉपवर टाकलं, त्यात नॉइज कमी केला, पिक्चर स्टाइल पण जशीच्या तशी आली, आणि तिथून १६ बिटचे टिफ काढले. टिफ कुठलंही जुनं फोटोशॉप उघडतं. पण हिशोब करा, ६००० गुणिले ४००० ठिपके, प्रत्येकाला तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट, म्हणजे एक फोटो १४४ एमबी. दादाच्या पीसीवर तिसरा टिफ उघडताना माउसच गोठला, फॅन असा ओरडायला लागला की शेजारचा मेडिकलवाला विचारायला आला. मग ८ बिटचे काढले, निम्म्या साइजचे, रंग आधीच जुळवलेले असल्याने १२ बाय ३६ च्या शीटवर काही फरक दिसला नाही. मला तरी नाही दिसला, दादाला दिसला असेल तर तो बोलला नाही.

रॉ थेरपी आणि डार्कटेबल ही दोन फुकट सॉफ्टवेअर पण लॅपटॉपवर चालवून बघितली, नवीन आवृत्त्या सीआर३ उघडतात आणि काम चांगलं करतात, पण डार्कटेबलची ती शंभर बटणं बघून दादा म्हणाला हे विमान मला नको. त्याला त्याचं सीएस३ च पाहिजे होतं, फक्त त्यात फोटो यायला पाहिजे होते. मला हे पटतं. माणसाचा हात जिथे बसलाय तिथंच त्याचं काम झटपट होतं.

निघताना भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. दादाच्या हार्डडिस्कवर जागा नाही, त्यामुळे डीएनजी झाले म्हटल्यावर तो सीआर३ उडवायला निघाला. मी अडवलं. कारण एक तर ते टिफ काढणारं कॅमेरा कंपनीचं सॉफ्टवेअर आपल्या या डीएनजीला हात लावत नाही, त्याला मूळ सीआर३ च लागते. दुसरं म्हणजे डीएनजीत केलेले बदल त्याच फाइलच्या आत लिहिले जातात, वेगळी छोटी फाइल नसते, म्हणजे काम करता करता काही बिघडलं तर कोरी प्रत कुठून आणणार. आणि तिसरं, पेनड्राइव्हवर जागा वाचवायला आम्ही सगळे ८४६ डीएनजी आणलेच नव्हते, सोन्याने निवडलेले ३१० च आणले होते, बाकीचे माझ्या लॅपटॉपवरून मी पण उडवणार होतो. तासभर हो-नाही करून शेवटी एका जुन्या २५० जीबीच्या डिस्कवर सगळे सीआर३ टाकले, वर मार्करने नवरीचं नाव आणि तारीख, आणि ती डिस्क वहिनींनी लॅमिनेशनच्या कपाटात ठेवली.

अल्बम गेला, पैसे आले, पंधरा दिवस शांतता. मग परत फोन, यावेळी सोन्याचा.

"काका, पार्टीचा फोन होता. अल्बम भारी झालाय म्हणतेत. पर मामाचा एक बी फोटो न्हाय."

नवरीचे मामा. हळदीला होते, लग्नाला होते, आणि दोन्हीकडच्या फोटोत म्हणे फक्त त्यांचा खांदा. मामा रुसलेले, नवरीची आई रडकुंडीला. सोन्याने निवड करताना हललेले फोटो म्हणून जे ५३६ बाजूला काढले होते त्यात मामा असणार हे उघड होतं. म्हटलं कपाटातली डिस्क काढ, मित्राच्या लॅपटॉपवर कन्व्हर्टर टाक, आठवतंय का सगळं? म्हणाला, फोल्डरच्या आत शिरायचं नाही, ४.६ निवडायचं. बरोबर.

संध्याकाळी त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. मामा हळद लावताहेत, नवरी हसतेय, फोकस मामांच्या मागच्या खुर्चीवर. रंग मात्र एकदम बरोबर, मी विचारलं ड्रॉपर कुठे टोचलास, तर म्हणाला खुर्चीवरच, पांढरी प्लास्टिकची होती. अल्बममध्ये एक शीट बदलून दिली. मामांना चष्मा आहे, त्यांना फोकसचं काही कळलं नाही, फोटो बघून म्हणाले, पोरानं काढलाय झकास.